बिनकडीचं दार

शुक्रवारी दुपारी आपण दोघं साडी साफ करत बसलो होतो. तू पदराकडून, मी निऱ्यांकडून. मागावरून उतरलेल्या साडीच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबतात, ते छोट्या कात्रीनं कापायचे, हे आपलं म्हातारपणाचं काम. दोन टोकांनी सुरू करायचं आणि मधे भेटायचं. नेहमीसारखी तू पुढं होतीस आणि मला बोलत होतीस.

"भिकाशेट, डोळे कुठं गहाण टाकले? एवढा मोठा धागा ठेवला. नवरीच्या जोडव्यात अडकला तर मांडवातच तोंडावर पडेल ती."

"पडली तर नवरा उचलेल."

"मला कधी उचललं का तुम्ही?"

"आधी वजन बघ तुझं."

तू हसलीस, आणि हसता हसता ओटीपोटावर हात दाबून धरलास. मी ते बघितलं. मी बघितलेलं तू बघितलंस. मग म्हणालीस, "चहा टाका." मी चहा टाकला. तू बशीत ओतून फुंकर मारून प्यायलीस. बस, एवढंच. साडी अजून पलंगावर पडली आहे. तुझ्याकडून अर्ध्याच्या वर साफ, माझ्याकडून थोडी, आणि मधे धाग्यांचं रान.

रविवारी संध्याकाळी तू गेलीस.

कुठं गेलीस हे लिहितो, कारण उद्या लोक म्हणतील घरी गेली, शांतपणे गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात गेलीस. चाकाच्या ढकलगाडीवर, एका बाजूला मोडक्या खाटांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला फिनेलच्या बाटल्या. लघवी अडकून अंगात ताप चढला होता, पोट दगडासारखं झालं होतं. पुरुषांच्या वॉर्डातली नर्स म्हणाली, साडी नेसलेलं माणूस इथं कसं ठेवू? बायकांच्या वॉर्डातली म्हणाली, बायका ओरडतील. मी म्हटलं, बाई, ती मरते आहे, ओरडण्याचं नंतर बघू. ती म्हणाली, "काका, उद्या साहेब येतील तेव्हा ठरवू." काय ठरवणार होता तिचा साहेब? तू कोण आहेस ते?

एक शिकाऊ डॉक्टर आला. मला वाटलं, आला बाबा एकदाचा. त्यानं चादर वर केली, बघितलं, आणि मागं वळून दुसऱ्याला हाक मारली, "ए, आव तो, जोवा जेवुं छे." बघण्यासारखं आहे म्हणे. तुझी शुद्ध अर्धी गेली होती, तरी तुझा हात आला आणि चादर खाली ओढली. तुझ्या हातानं केलेलं शेवटचं काम ते. माझ्या तोंडात थुंकी आली ती अजून जात नाही. जेवायला बसलो की येते.

मेल्यावर मात्र जागा मिळाली. लगेच मिळाली.

खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, नातं? मी म्हटलं, नवरा. तो म्हणाला, कोणाचा? मी म्हटलं, हिचा. त्यानं माझ्याकडं बघितलं, पान गालात सरकवलं आणि म्हणाला, "दोस्त लखी दउं?" वीस वर्षांच्या संसाराचं त्यानं दोस्त केलं. मला विधुर म्हणायला ह्या सुरतेत कोणी तयार नाही, तर आता मीच म्हणतो. मी भिका, मागावरचा जुना कामगार, चौथी पास, चंपाचा नवरा, आणि आता विधुर. लोक तुला मागून पावैया म्हणायचे, म्हणजे हिजडा. मी बायको म्हणायचो. कोणाच्या पोटात दुखलं तर ओवा खा.

आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे चंपा, आणि ते मी सोडणार नाही. तू दर मंगळवारी तुझ्यासारख्या पोरींना घेऊन त्या दवाखान्यात जायचीस. स्वतःला कधी दाखवलं नाहीस. मी किती वेळा म्हटलं, "आधी तुझं दाखव." तू म्हणायचीस, "माझं जुनं शिवण आहे. उसवायचं नाही. पोरींचं नवं आहे." जुनं शिवण! तरुणपणी दाईनं कापलं होतं तुला, भूल नाही, टाका नाही, वरून तापलेलं तेल. त्यानंतर दर वर्षाला वाट आखडत गेली. मोरीत जाऊन नळ मोठा सोडायचीस, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला काय कळत नव्हतं? मी म्हणत होतो ते बरोबर होतं. अजून म्हणतो. ये आणि भांड.

तू का दाखवत नव्हतीस तेही मला माहीत आहे. एकदा गेली होतीस, माझ्या भेटीच्या आधी. मोठ्या साहेबानं टेबलावर झोपवलं आणि सगळा वर्ग बोलावला. पेनाच्या टोकानं दाखवत होता, हे बघा, इथून कापलंय. हात लावायची किळस, म्हणून पेन. औषध लिहून दिलं नाही. वर्ग संपला आणि तुला म्हणाला, जा. मला हे तू एकदाच सांगितलंस, वांगी भाजताना, चुलीकडं तोंड करून. सांगून झाल्यावर म्हणालीस, "पेन तेच खिशाला लावून गेला हो. त्यानंच पुढं चिठ्ठ्या लिहिल्या असतील." आणि हसायला लागलीस. मला नाही हसू आलं.

म्हणून तुझा सगळा जीव दवाखान्यातल्या त्या एका खोलीच्या दारावर.

गौरी मेली तेव्हापासूनचं हे. गौरी तुझ्या गुरूच्या डेऱ्यातली पोरगी, दाईच्या हातानं रक्त जाऊन गेली. सगळे म्हणाले, मातेनं नेली. तू एकटी उभी राहिलीस आणि म्हणालीस, मातेनं नाही, वस्तऱ्यानं नेली. इथून पुढं ज्या पोरीला करून घ्यायचं ती डॉक्टरकडून करून घेईल, नाही करायचं ती नाही करणार, आणि जिला त्रास आहे ती दवाखान्यात जाईल. मासीबा, तुझी गुरू, जिनं तुला पोटाशी धरून वाढवलं, तिनं तुला त्या दिवशी उंबऱ्याबाहेर काढलं. म्हणाली, डॉक्टरच्या हातचं मातेला पोचत नाही. तू तिच्या पाया पडलीस आणि निघालीस. डिंडोलीला घरी येऊन मला म्हणालीस, "आता मला दोन माहेरं बंद, जन्माचं आणि डेऱ्याचं. तिसरं शोधू नका, मला सवय नाही."

मग तू दवाखान्यात जायला लागलीस. केसपेपरच्या दोन रांगा, एक बायांची, एक पुरुषांची. पुरुषांच्या रांगेत चिमटे, बायांच्या रांगेत किंकाळ्या. तू सात-आठ जणींना घेऊन दोन रांगांच्या मधे फरशीवर बसलीस. पोरींना एकच दम दिला होतास, टाळी वाजवायची नाही. "टाळी वाजवली की ते खिशातून पैसे काढतात. आपल्याला औषध पाहिजे." शिपायानं एकाच वेळी सगळ्यांना हाकललं, तुम्ही एकेक करून परत येऊन बसलात. साहेब बाहेर आला आणि म्हणाला, काय पाहिजे, वर्गणी? तू म्हणालीस, "साहेब, मागायला नाही आलो. दुखतंय ते दाखवायला आलो. माणसं ह्याचसाठी येतात ना इथं?"

मी रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर बसून राहायचो. त्या इमारतीचा वास मला सोसत नाही. तू बाहेर यायचीस आणि काय झालं ते सांगायचीस. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं. तू तेही चवीनं सांगायचीस.

मग ती डॉक्टरीण आली. नवी, बारीक, चष्म्याची. ती म्हणाली, मंगळवारी दुपारच्या आत या, ड्रेसिंगच्या खोलीत बघते, शिकाऊ पोरांना आत घेणार नाही. सगळ्या दवाखान्यात एक खोली आणि आठवड्यातली एक सकाळ, एवढं तू मिळवलंस. मोठ्या साहेबानं तिलाही सुनावलं होतं, चांगला अवयव कापणं कायद्यात बसत नाही. तू त्याला विचारलंस, "दाईच्या हातानं मेलेली बसते का कायद्यात?" तो उठून गेला. त्यांची ही एक चांगली सोय असते, उठून जाता येतं.

आणि खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. तुटलेली होती. शिकाऊ पोरं मुद्दाम दार ढकलायची, सॉरी सॉरी म्हणत डोकावायची, बाहेर खिदळायची. म्हणून डॉक्टरीण आत पोरीला तपासायची आणि तू बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहायचीस. तू अर्ज केलेस, तोंडी सांगितलंस, साहेबाला, मुकादमाला, सुताराला. एका कडीसाठी! मी एक दिवस बाजारातून पितळेची कडी आणली, चार स्क्रू आणले. म्हटलं, पुढच्या मंगळवारी येतो, पाच मिनिटांत लावतो. तू ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितलीस. "छान आहे." आणि कपाटात ठेवून दिलीस.

"लावायची का नाही?"

"नाही. त्यांनी लावायची."

"अगं, ते मरेपर्यंत नाही लावणार."

"आपण लावली तर ती आपली कडी होईल. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन, कोणी उपटून टाकेल आणि म्हणेल पावैयांची कडी होती. त्यांनी लावली तर ती दवाखान्याची. मग आतली बाई पण दवाखान्याची पेशंट."

"आणि तोवर?"

"तोवर माझी पाठ आहे ना."

हे भांडण आपण तू जाईपर्यंत केलं. कधी जेवताना, कधी साडी साफ करताना. मी तुला हट्टी म्हणायचो, तू मला ठेकेदार म्हणायचीस.

आता सोमवारचं ऐक. तुला उचलायचा दिवस. तू असतीस तर खूप हसली असतीस.

आपल्याकडं बाई नवऱ्याच्या आधी गेली तर अहेव गेली म्हणतात. तिला हिरवं नेसवतात, कपाळभर मळवट भरतात, ओटी भरतात, आयाबाया पाया पडतात. आणि अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. ती आल्याशिवाय तिरडी हलत नाही. तू ह्याची किती चेष्टा करायचीस. "माझी तिरडी कुजणार, भिकाशेट. माझ्या माहेरून कोण साडी घेऊन येतंय?" चेष्टा करायचीस, पण गल्लीत कोणी अहेव गेली की दारात उभी राहून माहेरची साडी कोणत्या रंगाची आली ते टक लावून बघायचीस. रात्री मला सांगायचीस पण, "पोपटी होती. काठ बरा होता."

सकाळी तुला घरी आणलं आणि चाळीत सांगितलं. अंघोळ घालायला बाया पाहिजेत म्हटलं. कमलबाई, शेजारची, अर्धी दाराबाहेर अर्धी आत.

"आम्हाले कसं जमी भाऊ? म्हणजे... ते अंग..."

"काय आहे अंगाला?"

"बायाचं काम बायांनी करावं. हे काय शे, आम्हाले काय माहीत?"

प्लेगच्या वर्षी माहीत होतं कमलबाई! सगळी सुरत ट्रक पकडून पळत होती, औषधाच्या दुकानांना कुलपं, तेव्हा ही चंपा तोंडाला ओढणी बांधून घरोघर कॅप्सूल वाटत होती. ह्याच कमलबाईनं तिच्या हातातली कॅप्सूल तोंडात टाकली, तिच्याच तांब्यातलं पाणी प्यायली, आणि ती जाताना "देवी आहेस गं" म्हणाली. मी तिथं उभा होतो. तेव्हा अंग कोणाचं आहे ते नाही विचारलं. जीव जायची वेळ आली की ह्यांना सगळे हात चालतात. जीव राहिला की परत हात धुतात.

मी हे सगळं तिला तोंडावर बोललो. तिनं दार लावलं. तिच्या दाराला कडी आहे.

पुरुष जमले होते, म्हणजे बिड्या ओढत लांब उभे होते. त्यातला एक जवळ आला, हळूच म्हणाला, "भिकाभाऊ, एक विचारू? ह्या लोकांत मेलेल्याला चपलेनं मारतात म्हणे, खरंय का?"

मी म्हटलं, "मारतात. पण मेलेल्याला नाही. विचारणाऱ्याला." आणि चप्पल काढली. तो गेला. बाकीच्यांनी खाली बघितलं. एकाला हसू आलं, त्यानं खोकल्यासारखं केलं.

मग तुझा भाऊ आला. सुकलाल. पलसाण्याच्या रंगाच्या मिलमधला. मीच फोन लावून निरोप ठेवला होता. तू नको म्हटली असतीस. पण मला वाटलं, मेल्यावर तरी. टेम्पोतून उतरला, बगलेत कागदाचा पुडा. म्हटलं, आणली. माहेरची साडी आणली त्यानं! मी पुढं गेलो. हात जोडले त्याला. त्यानं पुडा उघडला.

टोपी आणि उपरणं.

पांढरी टोपी, नवीकोरी, दुकानाची घडी न मोडलेली. पुरुषाच्या मयताला आणतात ते.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"मन्हा भाऊसाठे." आणि त्यानं तुझं जुनं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. तू ते लहानपणीच जाळून टाकलं होतंस.

"भाऊ तर तू कधीच मारलास ना? डोकं भादरलंस, दहावा घातलास, गाव जेवायला घातलं."

तू घर सोडलंस तेव्हा त्यांनी जिवंतपणी तुझा दहावा उरकला होता, भाऊ पुरात वाहून गेला म्हणून सांगितलं होतं. तुला ते कळलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "माझ्याच दहाव्याचं जेवण माझं चुकलं. डाळबट्टी केली असेल हो!"

सुकलाल म्हणाला, "पोरीचं लगीन जमलंय. सोयऱ्यांना कोणी काही सांगितलं तर... म्हणून मागच्या गल्लीतून न्या. टोपी घाला, उपरणं टाका, तोंड झाका. मी खांदा देतो."

खांदा देतो म्हणे. अटी घालून. मी ती टोपी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. म्हटलं, "तुला बरी दिसते. बहीण मेली तर साडी घेऊन यायचं. बहीण नसेल तर तुझं इथं कोणी मेलेलं नाही. जा."

तो गेला नाही. तिथंच पायरीच्या बाजूला उकिडवा बसला, टोपी डोक्यावर तशीच. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते, मिलचा रंग, धुऊन जात नाही. त्या हातांनी तो पुड्याचा कागद परत परत घडी करत होता. खोटं कशाला लिहू, मला त्याची दया नाही आली. पण हात दिसले, म्हणून लिहितो.

आणि तू तशीच आत. साडी नाही, बाया नाहीत, पाणी तापून गार झालेलं.

मग गल्लीच्या तोंडाला रिक्षा थांबल्या. एकीतून मासीबा उतरली. जाडजूड, दम लागलेला, दोन पोरींच्या खांद्यांवर हात. मागून आणखी चार-पाच. टाळी नाही, ढोलक नाही. बिड्या ओढणारे सगळे भिंतीला चिकटले. मासीबाच्या हातात हिरवी साडी होती, चांगली जाड, लाल काठाची. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली,

"हट जा भिकाभाई. इसका मायका आ गया."

मी हटलो. जिनं तुला बाहेर काढलं तिचा मला राग होता, आहे. पण त्या घटकेला मीच तिला दार उघडून धरलं.

त्यांनी दार लावलं. मी बाहेर. पाण्याचा आवाज येत होता, बांगड्यांचा, आणि मधेच कोणीतरी नाक ओढत होतं. बऱ्याच वेळानं मासीबा बाहेर आली, ओल्या हातांनी भिंत धरून उभी राहिली.

"बहुत बुरा हाल था उसका," ती म्हणाली. "नीचे."

"मला माहीत आहे."

"दाई ने काटा उस दिन पाँव मैंने ही पकड़े थे. आवाज नहीं निकाली थी इसने. सब बोले, माता की लाडली है."

मला वाटलं आता ही म्हणेल, चूक झाली. पण ती तसलं काही म्हणाली नाही. पान काढलं, चुना लावला.

मोना चौकटीत उभी होती, हळदकुंकवाचं ताट घेऊन, डोळे सुजलेले. मोना, तुझ्या मंगळवारच्या पोरींतली शेवटची, राहते मासीबाच्या डेऱ्यात. तिच्यासाठी तू डॉक्टरणीला परगावचा एक सर्जन शोधायला लावला होतास, जो भूल देऊन नीट करायला तयार झाला होता. त्याआधी रक्त तपासायचं, मग डोक्याच्या डॉक्टरशी बोलायचं. तू म्हणायचीस, "डोकं आमचंच तपासतात. ह्यांचं कोण तपासणार?" ह्या मंगळवारी तिची पहिली तपासणी होती. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

मासीबानं मोनाकडं बघितलं आणि मला म्हणाली, "शुक्रवार को दाई आ रही है. इसका तय हो गया."

मोनाच्या हातातलं ताट वाजलं.

"मोनाला मंगळवारी दवाखान्यात जायचं आहे," मी म्हटलं.

"चंपा ले जाती थी. चंपा गई. अब कौन ले जाएगा?"

तुला हिरवं नेसवून बाहेर आणलं. कपाळभर कुंकू. मी आयुष्यात पहिल्यांदा तुला गप्प बघितलं आणि मला ते आवडलं नाही. मोनानं ओटी भरली. मासीबानं काळ्या मण्यांची पोत नीट केली, जी मी बांधली होती आणि जिला चाळीनं वीस वर्षं नाटक म्हटलं. पुढच्या गल्लीतून नेलं तुला, भर दुपारी. कमलबाईच्या दारावरून. खांद्याला मासीबाच्या चार जणी. वळणावर एकीचा पाय मुरगळला, तेव्हा मागून निळे हात आले आणि दांडा धरला. टोपी पडली होती कुठंतरी. मी बघितलं आणि पुढं चालत राहिलो. तू जे म्हणायचं ते म्हण. मी त्याला माफ केलेलं नाही.

घरी आलो. पलंगावर साडी. मी बसलो, कात्री घेतली, तुझ्या टोकाकडून एक धागा कापला, आणि ठेवून दिली. मला तुझी जागा घेता येत नाही त्यात. तुझा हात बारीक होता.

आता मंगळवार.

सकाळी उठलो. सुतकात माणूस घराबाहेर पडत नाही, कोणाच्या उंबऱ्याला जात नाही. माझं सुतक मानायलाच कोणी तयार नाही, तर मोडलं म्हणून कोण बोलणार? तुझ्या नावाच्या दिव्यात तेल घातलं, कपाटातली कडी आणि स्क्रू खिशात टाकले, आणि डेऱ्यावर गेलो. मासीबा ओट्यावर बसली होती.

"सूतक में निकला?"

"हो."

"किसलिए?"

"मोनाला न्यायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंड फिरवलं आणि पिचकारी टाकली. आतून मोना आली, पदर घेतलेला, चपला हातात. उंबऱ्याबाहेर येऊन घातल्या. आम्ही चार पावलं गेलो तेव्हा मागून मासीबाचा आवाज आला, "शुक्रवार तो आएगा ही!" मोना थबकली. मी म्हटलं, "चल. आज मंगळवार आहे."

ह्या वेळी टपरीवर नाही बसलो. आत गेलो. तो वास. तोच व्हरांडा, त्याच मोडक्या खाटा. ढकलगाडीवर दुसरं कोणी होतं. मोनाला घेऊन बायांच्या रांगेत उभा राहिलो. शिपाई आला, "ए काका, आ लेडीजनी लाइन छे."

"लेडीजच आहे."

"अने तमे?"

"मी तिचा बाप."

त्यानं मोनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुढची बाई लुगडं आवरून जरा सरकली. कोणी ओरडलं नाही. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं होतं एकीनं, पण मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं जांभई दिली.

ड्रेसिंगच्या खोलीत डॉक्टरीण होती. आमच्या मागं बघत होती.

"चंपाबेन?"

मी मान हलवली. तिनं चष्मा काढला. मी सांगितलं, रविवारी, ह्याच व्हरांड्यात. ती खाली बसली. चष्मा पुसला. मग म्हणाली, "रविवारे हुं नहोती." मी म्हटलं, "माहीत आहे. तुम्ही मंगळवारी असता." हे लागलं तिला. लागू दे. चांगली आहे म्हणून सांगितलं, वाईट असती तर शब्द वाया घालवले नसते.

मग तिनं मोनाला पडद्यामागं बोलावलं. मी बाहेर पडायला दाराशी आलो. आतल्या बाजूला कडीच्या जागी चार भोकं आहेत, तू म्हणायचीस तशीच. वरच्या भोकात कोणीतरी चिंगम दाबलं आहे. खिशात हात घातला. पितळ गार होतं. पाच मिनिटांचं काम, चंपा. शेजारच्या खोलीतून पेचकस मागितला असता तर दिला असता कोणीतरी.

नाही लावली. त्यांनी लावायची.

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि वळून त्याला पाठ लावली. तुझ्या उंचीवर रंग घासला गेला आहे तिथं, माझी मान येते. थोड्या वेळानं कोट घातलेली तीन-चार पोरं आली. त्यातला एक तो होता, चादरवाला. मी ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही.

"काका, जरा खसो ने. अंदर काम छे."

"आत पेशंट आहे."

तो हसला आणि खांद्यानं मला बाजूला रेटलं. मी पाय रोवले. मागावर उभं राहून हे पाय तयार झालेत. आतून डॉक्टरणीचा आवाज येत होता, मोनाला विचारत होती, कुठं दुखतं, कधीपासून. त्यानं परत रेटलं. मी पाठ काढली नाही.